पुरुष एकेरी

आई खेळायची. हे वाक्य मी मुद्दाम इथेच थांबवते, कारण आजवर ज्यांना ज्यांना मी ते सांगितलं त्यांनी लगेच विचारलं, "म्हणजे तुमच्याबरोबर का? लहानपणी?" माझ्याबरोबर खेळायला तिला फारसं आवडायचं नाही. मी एकुलती एक, अभ्यासात बरी, पण माझा नेम अगदीच वाईट, आणि वाईट खेळणाऱ्याला मुद्दाम जिंकू देणं हा प्रकार तिच्यात नव्हता. आई स्वतःसाठी कॅरम खेळायची. रोज दुपारी तीन ते चार. त्या तासात तिला हाक मारलेली चालायची नाही. फोन वाजला तर वाजू द्यायचा. दारावरची बेल वाजली तर मी उठायचं. ज्या दुपारी समोर कुणी नसे, आणि बहुतेक दुपारी नसेच, त्या दुपारी ती एकटीच दोन्ही बाजूंनी खेळायची. पांढऱ्या सोंगट्या तिच्या, काळ्या "दुसरीच्या". शाळेतून आल्यावर मी विचारायचे, "हू इज विनिंग?" आणि ती मान वर न करता म्हणायची, "दुसरी. आज तिचा हात चांगला चाललाय."

आखातात, अल मनखूल भागातल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमचं घर होतं आणि त्याच इमारतीच्या मागच्या बाजूला, तळमजल्यावर, बाबांचं किचन. दुकान नाही, हॉटेल नाही. नुसतंच किचन म्हणायचे सगळे. तिथून रोज ऑफिसांना आणि एकट्या राहणाऱ्या मराठी लोकांना जेवणाचे डबे जायचे. पहाटे साडेचारला एक्झॉस्ट फॅन सुरू व्हायचा, त्याची घरघर डक्टमधून थेट आमच्या न्हाणीघरात यायची. मग अजान, मग कुकरच्या शिट्ट्या, मग बशीरचं खोकणं. बशीर म्हणजे आमचा मल्याळी आचारी. त्याला मराठी समजायचं पण तो बोलायचा हिंदीच, आणि आमटीत नारळ जरा जास्तच घालायचा. सात वाजता फोडणीचा वास वर यायचा. मी युनिफॉर्म घालून केस विंचरत असायचे आणि त्या वासावरून आज भाजी कोणती ते ओळखायचे. लसूण आणि सुकी मिरची असली की पालेभाजी, हिंगाचा वास पुढे असला की फरसबी किंवा कोबी. शाळेच्या बसमध्ये माझ्या ओढणीला दिवसभर जिऱ्याचा वास यायचा आणि मला त्याची लाज वाटायची. आता अबू धाबीच्या अल रीम बेटावर, सव्विसाव्या मजल्यावर, माझ्या मुलाच्या फ्लॅटमध्ये खिडक्या उघडतच नाहीत. तिथे कधीतरी मी जिरं जरा जास्तच तडतडू देते.

आई पहाटेपासून पोळ्या लाटायची. अकराला डबे निघायचे, दोनपर्यंत धुणं-पुसणं चालायचं. अडीचला ती वर यायची, आंघोळ करायची, कोरडी साडी नेसायची आणि बोर्डावर बोरिक पावडर टाकून तळहाताने गोल गोल पसरायची. त्या क्षणी तिचा चेहरा बदलायचा. एरवी माझी आई सौम्य, लोकांना वाढून मग जेवणारी बाई. स्ट्रायकर हातात आला की तिच्या कपाळावर एक उभी आठी यायची, आणि समोरच्याची सोंगटी अडवून ठेवताना ती इतकी निर्दय दिसायची की मला तिची थोडी भीतीच वाटायची.

गंमत म्हणजे तिला कॅरम शिकवलं बाबांनी. लग्न होऊन ती इकडे आली तेव्हा ते दुसऱ्या दोन कुटुंबांबरोबर एका फ्लॅटमध्ये एक खोली घेऊन राहत होते. उन्हाळा, बाहेर पडायची सोय नाही, ओळखीचं कुणी नाही. कायमचा इंडियाला परत निघालेला एक माणूस आपला बोर्ड बाबांना देऊन गेला. तो त्यांनी पलंगावर ठेवला आणि बावीस वर्षांच्या बायकोला बोटं कशी धरायची ते दाखवलं. आई सांगायची, "माहेरी आम्ही पाच भावंडं आणि मी सगळ्यात मोठी. कॅरम होता घरात. भाऊ खेळायचे, मी धाकटीला मांडीवर घेऊन पाहायचे. पाहून पाहून कोन सगळे पाठ होते. हातच तेवढा लावायचा राहिला होता." सहा महिन्यांत ती बाबांना हरवू लागली. पुढे किचन सुरू झालं आणि बाबांनी खेळ सोडला. हरत होते म्हणून सोडला असं आई म्हणायची. वेळ नाही म्हणून, असं बाबा म्हणायचे.

माझी बारावी सुरू झाली आणि घरात कर्फ्यू लागला. बाबांनी एका संध्याकाळी मला आणि आईला समोर बसवून नियम सांगितले. टीव्ही बंद. पाहुणे बंद. शुक्रवारचं बाहेर जाणं बंद. आणि खेळ बंद. त्यांना मला लहान मुलांची डॉक्टर करायचं होतं. मी तीन वर्षांची असताना तापाने फणफणले होते आणि एका डॉक्टरीणबाईंनी रात्रभर बाबांना धीर दिला होता, तेव्हापासून हे त्यांच्या मनात होतं. "पे-डि-या-ट्रिक्स," असं ते एकेक अक्षर सुटं करून म्हणायचे. मी मात्र त्यांच्याशी इंग्रजीत बोलायचे, आणि "आय नो, बाबा" याच्या पलीकडे त्या विषयावर काही बोलायचे नाही. मला डॉक्टर व्हायचं नव्हतं. हे सांगायचं धैर्यही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर दिवाणखान्यात बोर्डाच्या जागी माझं नवीन टेबल होतं. बोर्ड बाबांनी किचनच्या स्टोअरमध्ये नेऊन तांदळाच्या पोत्यांमागे ठेवला होता. आईने माझ्या नव्या टेबलावर फडकं मारलं. मला वाटलं, तिने मान्य केलं. सतरा वर्षांच्या मुलीला आपली आई कळते असं फार वाटतं.

पंधरा दिवसांनी कोचिंगला जाताना मी डबा विसरले म्हणून किचनमध्ये शिरले. दुपारची वेळ. बशीर स्टुलावर बसून डुलक्या घेत होता. स्टोअरच्या बंद दारामागून आवाज आला, टक्. मग जरा वेळाने दोनदा, टक् टक्. मी दार ढकललं. तांदळाची चार पोती एका उंचीला लावून त्यावर बोर्ड ठेवलेला, वर एक उघडा बल्ब, आणि आई उभी राहून खेळत होती. घामाने तिचा ब्लाउज पाठीला चिकटला होता. तिथे एसी नव्हता. बाहेर तेव्हा पंचेचाळीस डिग्री असेल.

"दार लाव," ती म्हणाली. "पावडर ओली होते."

"आई, बाबांनी—"

"बाबांनी तुझा खेळ बंद केलाय. तू कुठे खेळतेस?"

मी त्या दिवशी कोचिंगला गेले नाही. ही माझ्या आयुष्यातली पहिली दांडी. पोत्यापलीकडे उभी राहिले आणि "दुसरी" झाले. आईने मला तीन बोर्ड, म्हणजे तीन डाव, सरळ हरवले. चौथ्याच्या मध्ये दम खायला थांबलो तेव्हा मी दप्तरातून कोचिंगच्या सरांनी दिलेले कागद काढले आणि त्यांनी वारा घेऊ लागले. ग्रीक आणि लॅटिन मूळ शब्दांची यादी होती ती, डॉक्टरी शब्द पाठ व्हावेत म्हणून दिलेली. 'पेडियाट्रिक्स'च्या रांगेत लिहिलं होतं की 'पैस' म्हणजे मूल. त्याच मुळातून 'पैदेइया' म्हणजे शिक्षण. आणि त्याच्या खाली, बारीक अक्षरात, 'पैदिया' म्हणजे खेळ, करमणूक, वेळ घालवणं. हे मला भलतंच मजेशीर वाटलं. बाबांचा लाडका शब्द, शाळा आणि कॅरम, सगळे एका आईची लेकरं! मी आईला मराठीत समजावून सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. मग स्ट्रायकर पदराला पुसत म्हणाली, "शिक्षण आणि खेळ एकाच घरातले, तर मग त्यांची भांडणं कोण लावतं?" आणि जरा थांबून, "पण तो शब्द काही बरोबर नाही. मुलावरून खेळ? मी मूल होते तेव्हा मला कुठे मिळाला तो? तुझ्या त्या ग्रीक लोकांना म्हणावं, बाई चाळिशीला आल्यावर खेळते त्याला काय म्हणता, तेही लिहा."

ते लिहिलेलं मला अजून कुठे सापडलेलं नाही. पुढे मी मोठमोठे शब्दकोश पाहिले. तिथेही तो शब्द मुलाचं बोट धरूनच येतो. माझ्या नातवाला आठवड्यातून तीन दिवस खेळाच्या क्लासला नेतात, आणि माझी सून मला अगदी प्रेमाने विचारते, "आई, तुम्ही दिवसभर काय करता?" मी खाली क्लबहाउसमध्ये जाऊन टेबल टेनिस खेळते असं सांगितलं तर ती हसते. तिला वाटतं मी थट्टा करते. वाटू दे.

आमची चोरी महिनाभर टिकली. मग एका दुपारी बाबा लवकर परतले आणि स्टोअरमध्ये डाळीचं पोतं काढायला आले. ते दारात उभे राहिले. आधी त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या दप्तराकडे, आणि मग आईवर भडकले. इतके, की बशीर गॅस बंद करून बाहेर गेला.

"बारावीचं वर्ष आहे तिचं! कळतंय का तुला?"

"तिचं आहे," आई म्हणाली. "तिचं चुकलं. ती उद्यापासून कोचिंगला जाईल. माझं बारावीचं वर्ष नाही."

"खेळ काय खेळ! वय काय आपलं?"

"तेच विचारते मी. माझं वर्ष कोणतं ते सांगा. नववीत शाळेतून काढलं ते भावंडांना सांभाळायला. इथे आले ते पोळ्यांना. त्यातला एक तास मी घेतला, तर तुम्ही तो उचलून पोत्यामागे ठेवलात. विचारलंत तरी का?"

बाबा वळले. डाळीचं पोतं न घेताच वर गेले. संध्याकाळी बोर्ड घरात आला, पण बैठकीच्या खोलीत नाही, आई-बाबांच्या पलंगाखाली. हा तह झाला असं मी समजले. तेवढ्यावर भागलं असतं, जर त्याच आठवड्यात मंडळाचं पत्रक आलं नसतं.

इथल्या मराठी लोकांचं एक मंडळ होतं. गणपती, कोजागिरी, हळदीकुंकू, आणि वर्षातून एकदा क्रीडा महोत्सव. गणपतीच्या दहा दिवसांचं जेवण बाबांच्या किचनमधून जायचं, त्यामुळे मंडळाशी आमचा घरोबा. पत्रकात लिहिलं होतं: कॅरम, पुरुष एकेरी. बुद्धिबळ, पुरुष एकेरी. महिलांसाठी संगीत खुर्ची, लिंबू-चमचा आणि पाककला. आईने ते दोनदा वाचलं. मग खालचा फॉर्म कात्रीने कापला, कॅरमपुढे खूण केली, आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि माझ्या हाती देऊन म्हणाली, "पोस्टात टाक."

तीन दिवसांनी मंडळाच्या सेक्रेटरींचा, शिरोडकर काकांचा, फोन आला. तो बाबांनी घेतला. पलीकडचं मोठमोठ्याने हसणं मला टेबलापाशी ऐकू येत होतं. बाबांनी फोन ठेवला आणि मान खाली घालून म्हणाले, "अगं, हसतायत लोक."

"हसू देत," आई भाजी निवडत म्हणाली. "दम लागेपर्यंत हसू देत."

"नाव घेणार नाहीत ते. प्रेक्षक म्हणून या म्हणाले."

"येते."

महोत्सव शुक्रवारी होता. तेव्हा इथे सुट्टी शुक्रवारची असायची. एका शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता. सकाळी सातलाच बाबा आणि बशीर पोह्यांची पातेली घेऊन पुढे गेले. मी आणि आई टॅक्सीने मागाहून. आईने सुती साडी नेसली होती, पदराला पिन लावली होती, आणि रुमालात तिचा स्ट्रायकर बांधलेला होता. वाटेत ती तो रुमाल मांडीवर ठेवून खिडकीबाहेर पाहत होती. मी मात्र सारखी म्हणत होते, "आई, प्लीज डोन्ट. एव्हरीवन विल बी देअर." मला तिची लाज वाटत होती. हे लिहिताना आता माझीच मला वाटते, पण खरं ते खरं.

हॉलमध्ये स्टँडवर सहा बोर्ड मांडले होते, प्रत्येकावर एकेक दिवा सोडलेला. पुरुषांची गर्दी. त्यात टाय लावणारे होते, ट्रेडिंगवाले होते, आणि कामगारांच्या कॅम्पवरून बसने आलेली आपली बांधकाम साइटवरची मंडळीही होती, इस्त्री केलेले शर्ट घालून एका भिंतीला धरून उभी. नावं पुकारली गेली. चार नंबरच्या बोर्डावर सावंत नावाचा राजापूरकडचा एक इलेक्ट्रिशियन बसला. त्याच्या समोर अबू धाबीहून कुणीतरी यायचं होतं, ते आलंच नव्हतं. पंचांनी दहा मिनिटं वाट पाहिली आणि सावंतला सांगितलं, तू पुढच्या फेरीत गेलास, ऊठ. सावंत उठला नाही. तो अजून सोंगट्या मांडत होता. तेवढ्यात आई माझ्या शेजारून चालत गेली, रिकाम्या खुर्चीवर बसली, आणि रुमाल सोडून स्ट्रायकर बाहेर काढला.

शेजारच्या बोर्डांवरच्या माना वळल्या. पंच म्हणाले, "काकू, इथे मॅच चालू आहे."

"चालू कुठे आहे? म्हणून तर आले."

सावंतने तिच्याकडे पाहिलं, तिच्या हातातल्या झिजलेल्या स्ट्रायकरकडे पाहिलं आणि पंचांना म्हणाला, "साहेब, पाचला उठून निघालोय कॅम्पवरून. महिन्यातली ही एक सुट्टी. न खेळता पुढं जाऊन काय करू? खेळायला आलोय मी. काकू, ब्रेक कुणाचा?"

"टॉस कर," आई म्हणाली.

शिरोडकर काका आले तेव्हा पहिला बोर्ड संपत आला होता. त्यांनी आधी गोड आवाजात सांगून पाहिलं. "वहिनी, प्लीज. डिसिप्लिनचा प्रश्न आहे. उद्या सगळ्याच बायका बसतील." आई निशाणा धरून होती. ती म्हणाली, "बोर्ड सहाच आहेत. सगळ्या कशा बसतील?" भिंतीपाशी कुणीतरी हसलं. काकांचा चेहरा लाल झाला. त्यांनी मग हॉलभर नजर फिरवली आणि पोह्यांच्या टेबलामागे उभ्या असलेल्या बाबांना हाक मारली. बाबा आले, ॲप्रन घातलेला, हातात झारा तसाच. "पाटणकर, तुमच्या मिसेसना उठवा. यल्ला, चला लवकर, पुढच्या मॅचेस अडल्यात."

मी बाबांच्या अगदी जवळ उभी होते. मला वाटलं, झालं, आता ते तिला दंडाला धरून उठवतील आणि आम्ही तिघं कुणाकडेही न बघता बाहेर पडू. बाबा आईकडे बघत होते. आई बोर्डाकडे. तिची पांढरी सोंगटी डाव्या पॉकेटच्या तोंडाशी अडकली होती आणि मध्ये सावंतची काळी होती. बाबांची नजर हळूहळू आईवरून सरकून त्या सोंगटीवर गेली, तिथून समोरच्या लाकडी कडेवर, आणि परत. मी ते पाहिलं. ते कोन मोजत होते.

"डाव चालू आहे तिचा," बाबा म्हणाले. "डावातून कुणाला उठवत नाहीत."

"पाटणकर, गणपतीचं जेवण तुमच्याकडे असतं. विसरू नका."

"नाही विसरलो," बाबा म्हणाले, आणि झारा घेऊन पोह्यांकडे परत गेले. पण जाताना ते मागे वळून पाहत होते. आईने समोरच्या कडेवर मारून पांढरी आत घेतली.

तो गेम मला अजून दिसतो. तेव्हा सामना एकाच गेमचा असे, आठ बोर्डांचा. सावंतचा हात जड, पण नेम पक्का. तो प्रत्येक चांगल्या फटक्याला "वा काकू" म्हणायचा आणि लगेच त्याहून चांगला फटका मारायचा. आई कुणालाच वा म्हणत नव्हती. सात बोर्ड झाले तेव्हा सावंत एकवीस, आई वीस. बाकीच्या बोर्डांवरचे लोक आपापले सामने संपवून आमच्याभोवती गोळा झाले होते, साइटवरची माणसं खुर्च्यांवर चढली होती. शेवटच्या बोर्डात दोघांची एकेक सोंगटी उरली आणि मध्ये राणी. पाळी आईची. राणी घेतली तर लगेच पाठोपाठ स्वतःची सोंगटी घ्यावी लागते, नाहीतर राणी परत जाते आणि समोरचा सगळं साफ करतो. कुणीही सावध माणूस तिथे राणीला नुसता धक्का देऊन बाजूला ठेवतो. आईने राणी घेतली. मग तिने पाण्याचा घोट मागितला. मी बाटली दिली, तिने झाकण लावून परत केली. उरलेली सोंगटी तिच्या विरुद्ध कोपऱ्यात, कडेला चिकटून होती. तिने बोट सोडलं. सोंगटी कडेकडेने अशी सावकाश गेली की मला वाटलं पोचणारच नाही, आणि पॉकेटच्या काठावर क्षणभर थांबून आत पडली.

चोवीस-एकवीस. खुर्च्यांवरून जो आरडाओरडा झाला तो शाळेच्या वॉचमनने गेटवर ऐकला.

शिरोडकर काकांनी माइकवर जाहीर केलं की चार नंबरच्या बोर्डावरचा सामना प्रदर्शनीय होता आणि सावंत पुढच्या फेरीत गेले आहेत. सावंत उठला. माइक नव्हता त्याच्याकडे, पण साइटवर ओरडून ओरडून त्याचा आवाज मोठा झाला होता. "मी हरलोय, साहेब. सगळ्यांनी बघितलंय. हरलेला माणूस पुढं कसा जाईल?" त्याने आईला वाकून नमस्कार केला, बाबांच्या टेबलावर जाऊन दोन प्लेट पोहे खाल्ले आणि बाकीचे सामने बघत बसला. पुढच्या फेरीत त्या बोर्डावर कुणी खेळलंच नाही.

घरी येताना आई गाडीत बाबांशेजारी बसली. मग बाबा म्हणाले, "शेवटच्या बोर्डात राणी आधीच घ्यायला हवी होती. तिसऱ्या चालीत मिळत होती."

"मिळत नव्हती. काळी आड होती."

"काळी बाजूला होती. मी बघितलं ना."

"तुम्ही पोहे वाढत होतात."

घरी पोचेपर्यंत ते त्या एका सोंगटीवरून भांडत होते. मी मागच्या सीटवर बसून ऐकत होते. इतकी वर्षं मी त्यांना डबे, बिलं आणि माझे मार्क यांवरच बोलताना ऐकलं होतं.

आठवड्याने मंडळाचं पत्र आलं. कार्यक्रमात व्यत्यय आणल्याबद्दल सौ. पाटणकर यांनी लेखी दिलगिरी व्यक्त करावी, असं त्यात होतं. आईने मला टेबलाशी बसवलं. "तुझं अक्षर चांगलं आहे. लिही." माझं मराठी तेव्हा वाईट होतं, ती ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करत गेली. "माननीय सेक्रेटरी, सप्रेम नमस्कार. आपलं पत्र मिळालं. पुढच्या वर्षीच्या कॅरम एकेरी स्पर्धेसाठी माझं नाव नोंदवून घ्यावं. कळावे." मी थांबले. "अँड द अपॉलॉजी?" "एवढंच आहे पत्र," ती म्हणाली आणि सही केली. ते पत्र बाबा स्वतः जाऊन देऊन आले.

त्या वर्षी गणपतीचं जेवण दुसऱ्याकडे गेलं. बाबांना ते लागलं. ते दहा दिवस संध्याकाळी घरी असायचे आणि हातांचं काय करायचं हे त्यांना कळायचं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी पलंगाखालून बोर्ड काढला, बैठकीत आणला, माझं टेबल भिंतीला सरकवलं आणि आईसमोर बसले. आईने त्यांना हरवलं. ते पुन्हा बसले. मी शेजारीच जीवशास्त्र वाचत होते आणि सोंगट्यांच्या आवाजात माझा अभ्यास उलट बरा झाला. परीक्षेनंतर मी बाबांना सांगितलं की मला डॉक्टर व्हायचं नाही. ते मी मराठीत सांगितलं, कारण इंग्रजीत सांगितलं असतं तर त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं असतं. ते चार महिने माझ्याशी धड बोलले नाहीत. मी फिजिओथेरपी शिकले, अल ऐनच्या एका हॉस्पिटलात तीस वर्षं लोकांचे खांदे आणि गुडघे सोडवले, आणि मला त्याचा एक दिवसही पश्चात्ताप झाला नाही.

आईचा फॉर्म दर वर्षी जात राहिला. दुसऱ्या वर्षी मंडळाने तोडगा काढला: कॅरम, महिला एकेरी. सगळ्यांना वाटलं ती खूश होईल. तिने तो फॉर्म कापून 'महिला' शब्दावर काट मारली आणि तसाच पाठवला. "वेगळं कशाला? बोर्ड तोच, सोंगट्या त्याच, माझा हात तोच." तो परत आला. तिसऱ्या वर्षी सेक्रेटरी बदलले, नवीन माणूस तरुण होता, आणि पत्रकात नुसतं 'कॅरम एकेरी' असं छापून आलं. आईचं नाव यादीत सत्ताविसावं होतं.

पहिल्याच फेरीत ती हरली. आता सामना तीन गेमचा झाला होता आणि शारजाहून आलेल्या एका चष्मेवाल्या पोराने तिला सरळ दोन गेममध्ये उडवलं. लोक टाळ्या वाजवत होते, बायका तिला मिठ्या मारायला पुढे आल्या होत्या, तरुण सेक्रेटरी चार कौतुकाचे शब्द बोलायला माइक घेऊन उभा होता. आईने कुणाकडे पाहिलं नाही. स्ट्रायकर रुमालात बांधला आणि तरातरा पार्किंगमध्ये गेली. गाडीचं दार तिने असं आपटलं की बाबांनी खांदे आवळले.

"अगं, तीन वर्षं भांडून आत शिरलीस," ते गाडी सुरू करत म्हणाले. "आता हरलीस तर निदान हसून त्याच्याशी हात तरी मिळवायचा."

"हसायला गेले नव्हते मी," आई म्हणाली. "खेळायला गेले होते." आणि मग काच खाली करून, बाहेरच्या गरम हवेत तोंड धरून, ती त्या पोराचा दुसऱ्या गेममधला चौथा बोर्ड मोठ्याने पहिल्यापासून सांगू लागली.